पडून राहिलेला पैसा : कुठं शोधायचा, कुणाकडं मागायचा



आपल्याला देणे किती आहे हे प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असते. सोसायटीचा सचिव ते विसरू देत नाही. पण येणे किती आहे असे विचारले, की आपण घरातल्या पत्र्याच्या पेटीकडे बघतो, आणि ती पेटी वडील गेल्यापासून कुणी उघडलेली नसते. तिच्यात जुने पासबुक असते, कालव्यात गेलेल्या जमिनीची नोटीस असते, काट्याच्या पावत्या असतात, एखादी विम्याची पॉलिसी असते. मुंबईला गिरणीत काम केलेल्या चुलत्याची फंडाची चिठ्ठीही असते. पारनेर तालुक्यातल्या कितीतरी घरांनी एक पाय गावात आणि एक पाय मुंबईत ठेवून संसार केले, त्यामुळे आपल्या पेट्यांत असले कागद जरा जास्तच निघतात.

हा पैसा मागायचा कसा याची माहिती या अंकात आम्ही देत आहोत. सरकारी दप्तरात पैसा सहसा हरवत नाही. तो एका खात्यातून उचलून दुसऱ्या खात्यात टाकला जातो, एवढेच. कोणत्या साली कोणत्या खात्यात गेला एवढे कळले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे तो मागणारे आपणच आहोत हे सिद्ध करणे. खरे घोडे तिथेच पेंड खाते, म्हणून त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी उसाचे बिल

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ हा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे, आणि उशीर झाला तर साल दरशेकडा पंधरा टक्के व्याज, हे त्यातले कलम सभेत वारंवार ऐकू येते. पण त्याच आदेशाच्या तिसऱ्या कलमात आठवे पोटकलम आहे, त्याचा उच्चार सभेत कधी होत नाही. कारखाना पैसे द्यायला तयार आहे, पण घ्यायला कुणी आलेच नाही, अशा बिलांविषयी ते आहे.

ते असे सांगते. साखर वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपते. ऊस घालणारा पुढे न आल्यामुळे वर्षअखेरीला जे ऊसबिल तसेच शिल्लक राहील, ते कारखान्याने पुढच्या तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे भरायचे. वर्ष संपल्यापासून तीन वर्षांच्या आत ज्याने मागणी केली, त्याचा हक्क पाहून जिल्हाधिकारी त्याला ती रक्कम देतात. तीन वर्षांत कुणीच आले नाही, तर रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते, आणि सरकारने ती शक्यतो उसाच्या विकासासाठी वापरावी असे आदेशात म्हटले आहे. उसाचा विकास जरूर व्हावा. पण एखाद्या विधवा बाईच्या न उचललेल्या बिलातून तो होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेब मांडून बघू. २०२४-२५ च्या गळितात घातलेल्या उसाचे साखर वर्ष ३० सप्टेंबर २०२५ ला संपले. न उचललेली रक्कम जिल्हाधिकाऱ्यांकडे भरण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५. मागणी करण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत. २०२२-२३ च्या उसाची हीच मुदत ३० सप्टेंबर २०२६ ला भरते. तारीख पाहूनच उठा, कारण ही मुदत आदेशातच घातलेली आहे, कुणा साहेबाच्या मर्जीवर ती वाढत नाही.

आता आपल्या तालुक्यापुरती एक महत्त्वाची गोष्ट. रक्कम जाते ती कारखाना ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. शेतकरी राहतो त्या जिल्ह्याच्या नव्हे. पारनेरची शीव शिरूर आणि जुन्नरला लागून आहे. निघोज, अळकुटी, जवळे भागातल्या एखाद्याने कुकडीच्या किंवा घोडच्या पाण्यावरचा ऊस पुणे जिल्ह्यातल्या कारखान्याला घातला असेल, तर अर्ज पुण्याला करायचा. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कचेरीत हेलपाटे घालून तो पैसा सापडणार नाही. कारखाना सहकारी असो की खासगी, आदेश दोघांनाही सारखाच लागू आहे.

बिल शिल्लक राहते ती कारणे साधीच असतात. नोंद वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आणि त्यांचे बँक खाते बंद. किंवा बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली, आणि शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. जुन्या क्रमांकावर पाठविलेली रक्कम परत येते आणि कारखान्याच्या वहीत 'देणे' म्हणून बसून राहते. दुसरा-तिसरा हप्ता तर हंगाम संपल्यावर केव्हातरी निघतो, आणि तोवर माणूस गेलेला असला तर वारसांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पहिली फेरी ऊसबिल विभागाकडे मारा. खातेदार क्रमांक, हंगाम आणि काट्याच्या पावत्या दाखवून सर्व हप्त्यांचा लेखी उतारा मागा. रक्कम जिल्हाधिकाऱ्यांकडे भरलेली असेल, तर चलन क्रमांक आणि तारीख त्या उताऱ्यावर लिहून घ्या. ती चिठ्ठी हातात असली की कचेरीत तुम्हाला कुणी 'कसले पैसे?' असे विचारणार नाही.

कारखान्याने बिलच दिलेले नसेल, थकवले असेल, तर तो प्रकार निराळा. त्याची तक्रार प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे आणि पुण्याच्या साखर आयुक्तांकडे करायची. आयुक्तांनी वसुली प्रमाणपत्र, म्हणजे बोलीत ज्याला आरआरसी म्हणतात ते, काढले की जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करतात. थकलेले बिल आणि न उचललेले बिल यांची गल्लत करू नका. दोन्हींचे दार वेगळे आहे.

परतीच्या ठेवी, भागाची रक्कम आणि लाभांश हे उसाची किंमत नव्हेत. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जात नाहीत, संस्थेकडेच राहतात. न उचललेला लाभांश किती वर्षांनी राखीव निधीत जातो, हे त्या त्या संस्थेच्या पोटनियमात पाहावे. सभासद मयत झाल्यावर भागाचे काय करायचे, हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० मध्ये आहे : नामनिर्देशन असेल तर त्या व्यक्तीच्या नावे हस्तांतर, नसेल तर वारसाच्या नावे. तेव्हा आपल्या भागाच्या दाखल्याला नामनिर्देशन आहे का, आणि असले तर ते वारलेल्या आईचेच नाही ना, हे याच महिन्यात तपासून घ्या.

कालव्यात, रस्त्यात गेलेली जमीन

सर्वांत मोठ्या रकमा इथे अडकतात. कुकडी प्रकल्पाचा डावा कालवा येडगावहून निघून जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा असा पुढे जातो. पिंपळगाव जोगेचा कालवाही आपल्या तालुक्यात येतो. सुप्याची औद्योगिक वसाहत झाली, नगर-पुणे आणि नगर-कल्याण रस्ते रुंद झाले. या प्रत्येक कामात कुणाची दहा गुंठे, कुणाची दोन एकर जमीन गेली. निवाडा झाला, पैसे वाटायला अधिकारी गावात आले, आणि त्या दिवशी जो हजर नव्हता त्याचे पैसे राहिले. भावाभावांत वाद होता म्हणून राहिले. मयताच्या नावावर निवाडा झाला म्हणून राहिले. बहिणीचे नाव होते आणि तिला कुणी कळवलेच नाही, असेही राहिले.

राहिलेले पैसे जातात कुठे? १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे, मोबदला घ्यायला कुणी तयार नसेल, घेण्यास पात्र कोण याचा वाद असेल किंवा वाटणीवर तंटा असेल, तर ती रक्कम न्यायालयात भरायची. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या कायद्यात हीच सोय कलम ७७ मध्ये आहे. तिथे न्यायालयाऐवजी प्राधिकरण आहे. राष्ट्रीय महामार्गाची जमीन १९५६ च्या महामार्ग कायद्याखाली घेतली जाते, तिथला पैसा सक्षम प्राधिकाऱ्याकडे असतो. म्हणून आधी कोणत्या कायद्याखाली जमीन गेली ते बघा. त्यावरून कचेरी ठरते.

पैसा न्यायालयात भरलेला असेल तर अर्ज वकिलामार्फत त्याच न्यायालयात करावा लागतो. पुष्कळदा न्यायालयाने तो बँकेत मुदतठेवीत गुंतवलेला असतो, त्याचे व्याजही तुमचेच. पैसा भूसंपादन अधिकाऱ्याच्या नावे शासकीय ठेवीत राहिला असेल, तर आणखी एक वळण आहे. कोषागाराच्या नियमांप्रमाणे अशा ठेवीला तीन पूर्ण आर्थिक वर्षे कुणी हात लावला नाही, की मार्चअखेर ती 'व्यपगत ठेव' म्हणून सरकारजमा दाखवतात. हा शब्द ऐकला की लोक समजतात पैसे बुडाले. तसे नाही. संबंधित अधिकाऱ्याने हक्क तपासून प्रस्ताव पाठविला, तर महालेखापालांच्या मंजुरीने ती रक्कम परत काढता येते. आपल्या जिल्ह्याचे काम मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे आहे. वेळ लागतो, पण दार बंद झालेले नसते. कारकून 'लॅप्स झालं, आता विसरा' म्हणाला तर विसरू नका. 'साहेब, हे लेखी द्या,' एवढेच म्हणा.

जुना निवाडा शोधताना सर्वे नंबरचा घोळ हमखास होतो. एकत्रीकरण योजनेनंतर सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. निवाडा जुना असेल तर त्यात सर्वे नंबर असतो आणि तुमच्या हातातल्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोहोंचा मेळ घालायला तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढा. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जमीन कमी झाल्याचा फेरफार मिळेल. त्या फेरफारात बहुधा भूसंपादन प्रकरणाचा क्रमांक आणि निवाड्याची तारीख असते. तो क्रमांक म्हणजे किल्ली. तो नसताना 'आमची जमीन कालव्यात गेली, पैसे बघा' असा अर्ज दिला, तर तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. आणि निवाड्याची नक्कल मिळाली की फक्त जमिनीची ओळ वाचून थांबू नका. विहीर, झाडे, पाइपलाइन, बांधकाम यांचे मूल्यांकन निराळे होते, आणि काही वेळा जमिनीचे पैसे घेतलेल्या माणसाचे झाडांचे पैसे तसेच राहिलेले असतात.

मोबदला कमी वाटत असेल तर पैसे घेताना 'हक्क राखून, निषेधासह' असे लिहूनच सही करा. तसे न लिहिता पैसे घेतले, तर पुढे वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. जुन्या कायद्यात कलम १८ चा अर्ज निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने सहा आठवड्यांत करायचा होता. शेजाऱ्याला न्यायालयाने वाढ दिली असेल, तर त्याच अधिसूचनेतल्या इतरांना तीन महिन्यांत फेरनिश्चिती मागता येत असे (कलम २८-अ). नव्या कायद्यात हीच तरतूद कलम ७३ ची आहे. या मुदती फार कडक आहेत. मात्र निवाड्यात तुमच्या नावाने आधीच ठरलेला मूळ मोबदला आणि वाढीव मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढीची मुदत गेली म्हणून मूळ पैसे सोडून देणारे लोक आहेत, आणि त्यांना तसे सांगणारे सल्लागारही आहेत.

बँक, पोस्ट, विमा

बँकेच्या खात्यात दोन वर्षे ग्राहकाकडून काही व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षे झाली, किंवा मुदतठेव संपून दहा वर्षे झाली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. ही योजना २०१४ ची. सहकारी बँकाही तिच्यात आहेत. निधीत गेली तरी मागणी रिझर्व्ह बँकेकडे करायची नसते. आपल्याच शाखेत करायची, शाखा तुम्हाला देते आणि निधीतून भरून घेते. या मागणीला मुदत नाही. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खाते पुन्हा चालू करायला बँकेने शुल्क घ्यायचे नाही, असा नियम आहे. कुणी मागितले तर पावती मागा.

शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्‌गम' नावाची संगणकीय सोय सुरू केली. सुरुवातीला सात बँका होत्या, पुढे तीस झाल्या. घरातल्या शिकलेल्या पोराला सांगा, तो मोबाईलवर नाव टाकून बघेल. सापडले तर एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो घेऊन शाखेत जायचे. उद्‌गमवर प्रामुख्याने मोठ्या बँका आहेत. जिल्हा बँक, नागरी सहकारी बँक यांचे नाव तिथे मिळेलच असे नाही, तेव्हा तिथे प्रत्यक्ष शाखेत चौकशी करावी. नाव टाकताना आजोबांचे नाव पासबुकावर जसे असेल तसेच टाका. ज्ञानदेव, ज्ञानेश्वर, ग्यानबा ही यंत्राला तीन माणसे वाटतात.

पोस्टातली अल्पबचत आणि विम्याची रक्कम यांचा मार्ग वेगळा आहे. त्या अनेक वर्षे दाव्याविना राहिल्या, तर २०१५ साली स्थापन झालेल्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. विम्याला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. तिथून पंचवीस वर्षांपर्यंत मागता येतात, त्यानंतर मात्र केंद्र सरकारच्या होतात. म्हणजे बँकेच्या पैशाला मुदत नाही आणि विम्याच्या पैशाला आहे, एवढे लक्षात असू द्या. गिरणीतल्या फंडासाठी गिरणीचे पूर्ण नाव आणि खाते क्रमांक असलेली एखादी तरी चिठ्ठी लागते, म्हणून चुलत्यांच्या कागदांतले काहीही चुलीत घालू नका.

पतसंस्थेविषयी थोडे कटू बोलावे लागेल. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. पतसंस्था अवसायनात निघाली असेल तर अवसायकाकडे ठेवपावतीच्या प्रतीसह लेखी दावा द्या आणि पोच घ्या. अवसायक कोण आहे हे तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात कळते. वसुली होईल तसे मिळेल, पण दावाच नोंदवला नसेल तर वसुली होऊनही काही मिळणार नाही.

वारस कोण, हे सिद्ध कसे करायचे

आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे, की सातबाऱ्यावर वारस नोंद झाली म्हणजे सगळ्याचे वारस झालो. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीच्या महसुलाची असते. पैशासाठी ती उपयोगी पुरावा आहे, पण मोठ्या रकमेला ती पुरत नाही. रक्कम मोठी, नामनिर्देशन नाही किंवा वाद आहे, अशा वेळी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र काढावे लागते. ते येणे रकमा आणि रोख्यांसाठीच असते. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली न्यायालय वारस दाखला देते, तो वेगळा. कुठे कोणता लागेल हे आधी त्या कचेरीला लेखी विचारा. नाहीतर एक काढून न्यावा आणि साहेबांनी दुसरा मागावा, असे होते आणि वर्ष जाते.

रक्कम लहान असेल तर न्यायालयापर्यंत जावे लागत नाही. सर्व वारसांचे संमतीपत्र आणि हमीपत्र, म्हणजे पुढे कुणी हक्क सांगितला तर आम्ही भरून देऊ असा बंध, यावर काम होते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या दाव्यांचे एकसारखे नियम काढले. त्यात सहकारी बँकांना पाच लाखांपर्यंतचे दावे सोप्या कागदपत्रांवर देण्याची तरतूद आहे.

वारसांची यादी करताना सरळ हाताने करा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि आई. लग्न झालेली मुलगीही वारसच. आई हयात असेल तर तीही, आणि तिचे नाव यादीतून हमखास गळते. बहिणीचे नाव लपवून काढलेले पैसे पुढे व्याजासह परत करावे लागतात, शिवाय खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा होतो तो वेगळाच. बहिणीला तिचा हिस्सा नको असेल तर ती तसे लिहून देईल. पण आधी तिला रक्कम किती आहे हे सांगायला हवे. भाऊबीजेला कोऱ्या कागदावर सही घेणारे भाऊ आम्ही पाहिले आहेत.

नामनिर्देशन असेल तर काम फार सोपे होते. मात्र ज्याचे नाव लावले तो मालक झाला असे नव्हे. बँकेत तो इतर वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. सहकारी संस्थेने भाग नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे करायचा, पण वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली सांगितले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नावे लावता येतात.

नावातला फरक हा दुसरा खड्डा. सातबाऱ्यावर 'रामा', मतदार यादीत 'रामचंद्र', बँकेत 'रामभाऊ'. यासाठी 'तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र आणि जोडीला शाळेचा दाखला किंवा जुनी खातेवही द्यावी. शासकीय कार्यालयात देण्याच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. ते साध्या कागदावर चालते. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून काढताना पाच-सहा प्रती एकदमच काढा.

टक्केवारीवर काम करून देतो म्हणणारा माणूस दारात आला, तर त्याला चहा पाजा, पण कुलमुखत्यारपत्र देऊ नका. त्याच्याकडे यादी असते आणि तुमच्याकडे नसते, एवढाच त्याचा मोठेपणा. मोबाईलवर ओटीपी विचारणाऱ्याला तर चहासुद्धा नको.

माहितीचा अर्ज

ती यादी आपल्यालाही मागता येते. माहितीच्या अधिकारासाठी जे आंदोलन झाले, त्यात आपल्या तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचा वाटा सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. ज्या तालुक्यातून ही चळवळ उभी राहिली, तिथल्या शेतकऱ्याने आपल्याच मोबदल्यासाठी तोंडी चौकशीवर वर्षे घालवावीत, हे काही बरे दिसत नाही. अर्ज साध्या कागदावर, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. नमुना असा :

'प्रति, जन माहिती अधिकारी, भूसंपादन शाखा, जिल्हाधिकारी कार्यालय. विषय : मौजे (गाव), ता. पारनेर येथील गट क्रमांक (जुना सर्वे नंबर) च्या भूसंपादन मोबदल्याबाबत. प्रकरण क्रमांक, निवाडा दिनांक. माहितीचा कालावधी : निवाड्यापासून आजपर्यंत. हवी असलेली माहिती : १) निवाड्याची व मोबदला वाटप तक्त्याची प्रत. २) (खातेदाराचे नाव) यांच्या नावे ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम व दिनांक. ३) न दिलेली रक्कम कोणत्या ठेवीत अथवा न्यायालयात जमा आहे, त्याचा चलन क्रमांक व दिनांक. ४) ती व्यपगत झाली असल्यास त्या आदेशाची प्रत. माहिती टपालाने हवी.'

ऊसबिलासाठी हाच अर्ज गट क्रमांकाऐवजी कारखान्याचे नाव, हंगाम आणि खातेदार क्रमांक घालून करावा. सहकारी संस्थांना हा कायदा थेट लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. म्हणून पतसंस्थेबाबत अर्ज सहायक निबंधकांकडे आणि साखर कारखान्याबाबत साखर सहसंचालकांकडे द्यावा. त्यांच्या दप्तरी जे असेल ते मिळते.

उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले नाही, किंवा 'माहिती उपलब्ध नाही' असे मोघम आले, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील करावे. त्याला वीस रुपयांचे तिकीट लागते. दुसरे अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जाते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. दिनांक स्पष्ट उमटला नसेल तर पुन्हा मारायला सांगा, कारण पुढच्या सगळ्या मुदती त्या शिक्क्यावरूनच मोजल्या जातात.